तीन वर्षं न हललेलं माप

माझ्या आत्याला गावात कुणी नावानं हाक मारत नाही. गळ्यात कायम पिवळा टेप, म्हणून ती टेपबाई. माप घेणं सोडलं तर हा टेप ती फक्त झोपताना काढते आणि तोही खुंटीला न लावता उशीखाली ठेवते. लहानपणी मला वाटायचं, आत्या जन्मली तेव्हाच तो तिच्या गळ्यात होता आणि नर्सनं त्यानंच तिची लांबी मोजली असणार. मी हे तिला एकदा सांगितलं. ती म्हणाली, "मोजली असेल. पण नर्सचं माप कच्चंच असणार."

यात माझी आत्या सगळी आली. स्वतः घेतलेल्या मापाशिवाय जगातलं कुठलंही माप तिला पक्कं वाटत नाही. लग्न का केलं नाहीस, असं विचारायची हिंमत आमच्या घरात फक्त मी केली. त्यावर तिचं उत्तर तयार होतं, "माप जुळलं नाही."

तिचं दुकान म्हणजे आमच्या घराची रस्त्याकडची खोली. दोन मशीन, एक लांब टेबल, कोपऱ्यात दोरीवर अडकवलेला फुलाफुलांचा पडदा आणि त्याच्यामागे कपडे घालून बघायची जागा. आरसा जुना, पारा उडालेला. त्यात माणूस आहे त्यापेक्षा थोडा लांब आणि थोडा हिरवट दिसतो. दुपारी दोननंतर हे दुकान पाण्याखाली गेल्यासारखं होतं. दारावरच्या काचेतून ऊन तिरकं आत येतं आणि त्यात सुताचे बारीक तंतू तरंगत राहतात, कुठे उतरायचं ते न ठरवल्यासारखे. गिऱ्हाइकंही त्या वेळी हळू बोलतात. रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलची घंटा दुसऱ्याच कुठल्या तरी गावात वाजल्यासारखी ऐकू येते. या वेळेला आत्याला मशीनवर बसल्या बसल्या डुलकी लागते, पण पाय चालू राहतात. मी स्वतः पाहिलंय. डोळे मिटलेले, शिवण सरळ.

गावातल्या निम्म्या मुलींचे शाळेचे गणवेश ती शिवते. तिची एक जाड पुठ्ठ्याची वही आहे, त्यात प्रत्येक मुलीला एक पान. पहिलीत आलेली मुलगी दहावीत जाईपर्यंत त्या पानावर रांगेनं उतरत जाते: छाती, कंबर, सीट, उंची. माप वर्षातून एकदा, शाळा उघडताना. त्यानंतर वर्षभर काहीही शिवायचं असलं तरी वहीतूनच. एखादी आई म्हणाली, "पुन्हा एकदा टेप लावून बघता का?" की आत्याच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा. "वहीत आहे ना!"

पण तिची खरी कला वहीत नव्हती, नजरेत होती. शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, पुढे उसवून कपडा मोठा करता यावा म्हणून. शिवणकामात त्याला माया म्हणतात. कुणाच्या कपड्यात किती माया ठेवायची, हे आत्या मुलीला दारातून आत येताना बघूनच ठरवायची. "ही यंदा सुटणार, दोन बोटं ठेव." "हिला अजून वर्ष आहे, एक पुरे." मी विचारायचो, तुला कसं कळतं? ती म्हणायची, "दंड बघायचे. गाल बघायचे. पोर आधी थोडी भरते. मग वर जाते, मग रुंद होते. आधी भरल्याशिवाय पुढचं काही होत नाही." आणि मग हातातली टाचणी ओठात धरून म्हणायची, "पूर्वी मी सातवीतल्या पोरींचे उसवायचे. आता पाचवीतल्यांचे उसवते. काय चाललंय कळत नाही. पोरी लवकर भरतात."

हे असलं ज्ञान असलेल्या बाईनं स्वतःच्या घरात काय केलं, ते सांगायला मी बसलोय.

माझी धाकटी बहीण माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. तिला आम्ही काडी म्हणतो. अंगानं काडेपेटीतल्या काडीएवढी आणि डोकंही तसंच, घासलं की पेटणारं. काडी सात वर्षांची असल्यापासून जिम्नॅस्टिक्स खेळते. वीतभर रुंदीसुद्धा नसलेल्या लाकडी पट्टीवर ती उलटी होते, सुलटी होते, हवेत गोल फिरते आणि पुन्हा त्याच पट्टीवर येऊन उभी राहते. मला सरळ रस्त्यावर चालताना ठेच लागते, त्यामुळे आम्ही एकाच घरातले आहोत यावर तिच्या मैत्रिणींचा विश्वास बसत नाही.

खेळाचा पोशाख आत्याच शिवायची. ते कापड ताणाचं, अंगाला चिकटून बसणारं. त्यात माया ठेवत नाहीत. ठेवली तर कडेला वळकटी दिसते आणि पंचांचं लक्ष उडी सोडून वळकटीकडे जातं. काडी बाराची असताना आत्यानं माप घेतलं: छाती सव्वीस, कंबर एकवीस, सीट अठ्ठावीस. तेराव्या वर्षी घेतलं, तेच. चौदाव्या वर्षी घेतलं, तेच. उंची तेवढी बोट बोट सरकली. पंधराव्या वर्षी टेप काढताना आत्या दुकानात बसलेल्या चार बायकांकडे वळून म्हणाली, "बघा! तीन वर्षं झाली, सूतभर हललं नाही. तुमच्या पोरींचं मी दर वर्षी उसवते. आमची काडी म्हणजे छापील पुस्तक!"

बायका हसल्या. काडी हसली नाही. ती पोट आत ओढून, श्वास धरून, बक्षीस घेताना उभं राहतात तशी उभी होती. हे मी पाहिलं. आत्यानंही पाहिलं असणार, पण तिला त्यात फक्त शिस्त दिसली.

खेळाच्या मॅडमनाही शिस्तच दिसायची. त्या दर शनिवारी मुलींना वजनकाट्यावर उभं करायच्या. "हवेत दगड उडत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. काडीच्या वेळी त्या काहीच बोलायच्या नाहीत, नुसती मान हलवायच्या. काडीसाठी ती मान म्हणजे सोन्याचं पदक होतं. पुढे आठ-नऊ महिन्यांनी मोठ्या संघाची निवड होती आणि त्यात तिचं नाव येणार, असं मॅडमसकट सगळे धरून चालले होते.

आता माझा भाग. मी विज्ञानाचा पदवीधर आणि पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात कारकून. घरात माझ्या पदवीचा उपयोग डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचायला होतो, ऑफिसात तेवढाही होत नाही. जेवताना काडी माझ्या शेजारी बसायची. आईची पाठ वळली की तिच्या ताटातलं उकडलेलं अंडं माझ्या ताटात यायचं, पावाचा अर्धा तुकडा यायचा, दुधाचा पेला अर्धा माझ्या पेल्यात रिकामा व्हायचा. "दादा, माझं झालं. तू घे." आमच्यात तसा काही करार नव्हता, पण दोन्ही बाजूंनी तो इमानदारीनं पाळला जात होता. मला वाटायचं, बहिणीचं आपल्यावर किती प्रेम आहे!

आई मात्र मनातून धास्तावली होती. काडीच्या वर्गातल्या सगळ्या मुली केव्हाच वयात आल्या होत्या. आमच्या घरात हा विषय निघाला की आवाज खाली जायचे, बाबा वर्तमानपत्रात तोंड घालायचे आणि मला कुठल्या तरी कामाला पिटाळलं जायचं. पण पडद्यामागून ऐकू येतं. पडदा कापडाचा असतो.

"वन्सं, पंधरा संपले तिचे. एकदा डॉक्टरांना दाखवू या का?"

"काय दाखवायचंय? मला सतरा पूर्ण झाल्यावर आली पाळी. आमच्याकडचं रक्तच सावकाश."

"माझ्याकडचं रक्त नाही का तिच्यात?"

"आहे की. जीभ तुझीच आहे."

आईनं तिथे विषय सोडला. आत्या घरात मोठी, तिचा शब्दही मोठा. त्यात ती स्वतःवरून सांगत होती, म्हणजे पुरावा समोर बसलेला. असं करत करत सहा-सात महिने गेले.

मग एक दिवस काडी पट्टीवरून उतरली आणि उजवं पाऊल टेकवताच खाली बसली. उडी साधीच होती, तिनं हजार वेळा मारलेली. मी तिला आणि आईला रिक्षात घालून हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी फोटो उजेडासमोर धरला. पायाच्या हाडाला केसाएवढी चीर होती. "पडली नाही, मुरगळलं नाही, तरी चीर," ते स्वतःशीच म्हणाले आणि मग चष्म्यावरून काडीकडे बघत त्यांनी विचारलं, "पाळी येते का वेळेवर?"

मी छतावरच्या पंख्याची पाती मोजली. तीन होती. पुन्हा मोजली.

"अजून आलेलीच नाही," आई म्हणाली.

डॉक्टरांनी पायाला प्लास्टर घातलं आणि एका डॉक्टरीणबाईंच्या नावे चिठ्ठी दिली. त्यांच्याकडे जाताना आत्या म्हणाली, "मीही येते. घराण्याची माहिती विचारतील. ती मलाच आहे."

डॉक्टरीणबाई साठीच्या. चष्मा दोरीला बांधून गळ्यात सोडलेला. आत्यानं तो बघितला आणि मला वाटतं, तिथेच तिला बाईंविषयी थोडा विश्वास वाटला. बाईंनी काडीचं वजन घेतलं, रक्त काढायला लावलं, पोटाची तपासणी करायला लावली आणि चार दिवसांनी सगळे कागद घेऊन या म्हणाल्या. कागद बघितल्यावर त्या म्हणाल्या, "बाकी यंत्रणा ठीक आहे. थायरॉईड ठीक, आतली रचना ठीक. मुलीच्या अंगावर चरबी मात्र जवळजवळ नाही."

"खेळाडू आहे ती," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात अजून थोडा अभिमान होता.

"हो. पण चरबी म्हणजे नुसतं ओझं नसतं. ती बोलते." बाईंनी कागद बाजूला ठेवला. "चरबीतून एक रस रक्तात सुटत असतो. त्याला लेप्टिन म्हणतात. साठा जास्त तर रस जास्त, साठा कमी तर रस कमी. हा निरोप रक्तातून मेंदूपर्यंत जातो. मेंदूच्या तळाशी एक लहानसा भाग आहे, वयात येण्याचं काम तिथून सुरू होतं. तो भाग वाट बघत असतो. घरात पुरेसं साठलंय, असा निरोप पोचला तर तो पुढच्या कामाला मोकळा होतो. निरोप आला की लगेच सुरू होतं असं नाही, त्याला वय लागतं, आईबापांकडून आलेलं बरंच काही लागतं. पण निरोपच पोचला नाही, तर तो थांबून राहतो. आणि तो थांबला की हाडांना बळ देणारे रसही थांबतात. म्हणून ही चीर."

 मग आत्या म्हणाली, "म्हणजे कापड पुरेल अशी खात्री झाल्याशिवाय तो कात्री लावत नाही."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. "असंच. अगदी असंच."

"शहाणा आहे मग. आमच्या धंद्यात कितीतरी जण आधी कापतात, मग मोजतात." थोडं थांबून तिनं विचारलं, "आणि ज्या पोरी पाचवीतच भरतात?"

"त्यांच्याकडे निरोप लवकर पोचतो. ते एकच कारण नसतं, पण तेही एक असतं." मग बाईंनी काडीच्या कागदावर काहीतरी लिहीत सहज विचारलं, "घरात आणखी कुणाला उशीर झाला होता?"

आई म्हणाली, "मला तेराव्या वर्षी." आत्या म्हणाली, "मला सतरा पूर्ण. आमच्या घराण्यात उशीरच."

"तुमच्या आईला? बहिणींना?"

"बहीण नाही. आईचं काही बोलणं झालं नाही कधी."

"म्हणजे घराण्यात तुम्ही एकट्याच." बाईंचं पेन थांबलं. "त्या वयात तुम्ही कशा होतात? बारीक?"

"काडीच."

"जेवण?"

"असायचं की. दोन्ही वेळ असायचं." आत्यानं टेपचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. "वडिलांचं काम गेलं होतं तेव्हा. तीन-चार वर्षं ताटात जरा कमीच. भाऊ लहान होता, त्याला भूक फार. मी म्हणायचे, माझं झालं. तू घे."

मी पुन्हा छताकडे बघितलं. इथे पंखा नव्हता.

"मग ते घराण्यातलं नसेलही," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "भुकेचं असेल. इतक्या वर्षांनी खात्रीनं सांगता येणार नाही, पण असू शकेल."

आत्यानं बोटावरचा टेप सोडला आणि पुन्हा गुंडाळला. त्या वयात शेजारपाजारच्या बायका तिला लाकूड म्हणायच्या, हे आईनं मला नंतर सांगितलं. लाकूड इकडे ये, लाकूड तिकडे जा. बाकीच्या मुली आपसांत कुजबुजत बसायच्या आणि ही गेली की गप्प व्हायच्या. म्हणून ती दुपारभर शेजारच्या शिंप्याच्या दुकानात जाऊन बसायला लागली. कापड कुजबुजत नाही. तिथूनच हा टेप गळ्यात आला.

रिक्षातून परत येताना ती मला एवढंच म्हणाली, "तुझ्या बाबाला हे सांगू नकोस. त्याला घास गिळणार नाही."

घरी आलो तेव्हा बाबा जेवत होते. तब्येत चांगली आहे बाबांची. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. ते म्हणाले, "काय रे, भूक लागली का? बस की." मी माझं ताट घेतलं आणि त्यात अंडं एकच आहे ना, हे दोनदा बघितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याला नेहमीसारखी डुलकी लागली. ऊन नेहमीसारखं तिरकं होतं, सूत नेहमीसारखं तरंगत होतं. रविवार होता, मी टेबलाशी बसून वर्तमानपत्र चाळत होतो. मशीनचा आवाज बंद झाला म्हणून मान वर केली. आत्याचे डोळे मिटलेले होते आणि आज पहिल्यांदाच पाय थांबले होते.

थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले, पण ती जागी झाली नव्हती. आरशातल्या हिरव्या खोलीकडे बघत म्हणाली, "मी कुणाच्या तरी डोक्यात बसले होते."

"कुणाच्या?"

"ऐक तर. लहानशी खोली, खिडकी नाही. समोर टेबल, टेबलावर काहीच नाही. माझ्या हातात कात्री, उघडी. खालून कुणीतरी निरोप आणणार होतं. जिन्यावर पावलं वाजायची. मी उठून उभी राहायचे. पावलं अर्ध्या जिन्यावरून परत जायची."

"मग?"

"मग काय! बसून राहिले. कात्री उघडी धरून हात भरून आला." तिनं खरंच मनगट चोळलं. "त्या डोक्यावरचे केस आपल्या काडीसारखे होते रे. पण रिबन माझी होती."

मग ती उठली, कपाटाच्या वरच्या फळीवरून वहीच्याही आधीची एक वही काढली. पानं पिवळी, कडा कुरतडलेल्या. शिंप्याकडे शिकायला लागली तेव्हा माप घ्यायचा सराव कुणावर करणार? स्वतःवर केला होता. पहिल्याच पानावर कच्च्या अक्षरात, तेराव्या वर्षाचं, चौदाव्या, पंधराव्या, सोळाव्या. तिनं ती वही काडीच्या पानाशेजारी उघडून ठेवली. दोन्ही पानांवर आकडे एकाखाली एक झोपल्यासारखे पडले होते. कुणीच कूस बदलली नव्हती.

"सगळ्या गावाच्या पोरींचे दंड बघते मी," आत्या म्हणाली. "घरातलीचे बघितले नाहीत. वहीत आहे म्हटलं."

तिनं काडीला हाक मारली. काडी प्लास्टरचा पाय उचलत, भिंतीला धरत आली आणि स्टुलावर बसली.

"काडी, खरं सांग. जेवतेस का?"

"जेवते."

"किती?"

"दादाला विचार."

बहिणीचं प्रेम ते हे. आत्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "अंडी मी खाल्ली."

"किती?"

"साधारण दोन वर्षांची."

एरवी या उत्तरावर आत्यानं मला फूटपट्टीनं बडवलं असतं. आज तिनं फूटपट्टीला हातही लावला नाही. मग काडीच बोलायला लागली, खाली मान घालून, प्लास्टरवरचा दोरा ओढत. "तू मापाला बोलावलंस की मला आधीचा आठवडाभर झोप लागत नाही. पोशाख रोज घालून बघते. काचला की त्या दिवशी जेवत नाही. वजनकाट्याची मला एवढी भीती वाटत नाही, आत्या. मॅडम सगळ्यांनाच बोलतात. पण तू वहीत बघून सगळ्यांना सांगतेस ना, छापील पुस्तक... आकडा सरकला असता तर तू काय सांगितलं असतंस?"

बाहेरून एक सायकल गेली. घंटा दुसऱ्या गावात वाजली.

आत्यानं काडीचा निळा पोशाख खुंटीवरून काढला, छोटी कात्री घेतली आणि बगलेपासून कमरेपर्यंत शिवण उसवली. दोन्ही कडा बोटांनी उघडून काडीसमोर धरल्या. "बघ. आत काही आहे का?"

"नाही."

"नाहीच. सूतभर कापड ठेवलं नाही मी. गावातल्या परक्या पोरींना दोन-दोन बोटं ठेवते. तुला नाही ठेवलं." तिचा आवाज जरा चिरकला, म्हणून ती लगेच रागावली. "उद्यापासून ताटातलं ताटात राहील. ह्या राक्षसाच्या शेजारी बसायचं नाही. माझ्या शेजारी बसायचं."

"आणि निवड?"

"निवडीला पाय लागतो. पायाला हाड लागतं. हाडाला काय लागतं ते त्या चष्मेवाल्या बाईंनी सांगितलंय."

"आणि जड झाले तर? उडताच नाही आलं तर?"

 मला वाटलं, ती काहीतरी ठोकून देईल. पण तिनं उसवलेल्या पोशाखाची घडी केली, पुन्हा मोडली आणि म्हणाली, "ते मला ठाऊक नाही. मी पोशाख शिवून देईन, तुझ्या अंगाचं जे होईल त्याला. उडायचं तुझं तू बघ." मग कापडाशी बोलावं तसं, "मीही म्हणायचे, माझं झालं. कुणी विचारलं नाही मला."

पंधरा दिवसांनी मॅडम दुकानात आल्या. संघाच्या बारा मुलींचे नवे पोशाख सांगायचे होते. मॅडम स्वतः काडीएवढ्याच, फक्त चाळिशीच्या.

"मापं वहीत असतीलच," मॅडम म्हणाल्या.

"वही जुनी झाली," आत्या म्हणाली.

मी चहाचा पेला तोंडाशी तसाच धरून राहिलो. हे वाक्य या दुकानात यापूर्वी कधी उच्चारलं गेलं नव्हतं.

"बाराही जणींना पाठवा. नव्यानं घेईन. आणि दर दोन महिन्यांनी घेईन. सरकलं तर बाजूला पट्टी जोडून देईन. वळकटी दिसणार नाही, ते माझ्याकडे लागलं."

"अहो, पण मापं सरकता कामा नयेत हेच तर आम्ही..." मॅडम थांबल्या. काडीच्या पायाचं त्यांना कळलं होतं, डॉक्टरीणबाईंची चिठ्ठीही गेली होती. आत्यानं टेप गळ्यातून काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "मॅडम, राग मानू नका. तुम्हाला कितव्या वर्षी?"

मॅडम आरशात बघत होत्या. आरशातल्या मॅडम लांब आणि हिरवट, पाण्यातल्या वनस्पतीसारख्या दिसत होत्या. "अठराव्या," त्या म्हणाल्या. "आमच्या मॅडम म्हणायच्या, जितका उशीर तितकं बरं." जरा वेळानं त्यांनी स्वतःच्या मनगटावरून बोट फिरवलं. "हे दोनदा मोडलंय."

बारा मुली आल्या. वजनकाटा मॅडमनी काही भंगारात दिला नाही, पण शनिवारचा तो महिन्यातून एकदा झाला. एवढं तरी झालं.

काडीची निवड झाली नाही. ती जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. काडी प्रेक्षकांत बसून ते बघून आली, घरी येऊन आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली आणि मग रागारागानं पाव, लोणी आणि दोन अंडी खाल्ली. रागानं खाल्लेलंही अंगी लागतं, असं पुढचं माप घेताना दिसलं. अर्धा इंच. आत्यानं आकडा मोठ्यानं वाचला नाही, नुसता लिहिला. पुढच्या वेळी पाव इंच, मग काहीच नाही, मग एकदम पाऊण. पानावरच्या झोपलेल्या रांगेत हळूहळू हालचाल सुरू झाली. काडी जेवायला आत्याच्या शेजारी बसायची. सुरुवातीला प्रत्येक घासाला डोळे भरून यायचे, मग एक-दोन घासांनाच, मग कधी तरी ती जेवताना भांडायला लागली आणि आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला. पाय बरा झाल्यावर ती पुन्हा पट्टीवर गेली. पहिल्या दिवशी चार वेळा पडली. घरी येऊन म्हणाली, "माझं वजन कुठे आहे तेच मला कळत नाही." आत्या म्हणाली, "शोध. घरातच असेल."

प्लास्टर निघून आठ-नऊ महिने झाले असतील. एका रविवारी दुपारी मी दुकानात बसलो होतो. आतून आईचा आवाज आला, मग कुजबुज, मग आत्या लगबगीनं बाहेर आली आणि मला म्हणाली, "जा, बाजारातून काळा दोरा आण."

खणात काळ्या दोऱ्याची अकरा रिळं होती. ती मला दिसत होती, तिलाही दिसत होती.

"किती आणू?"

"सावकाश आण," ती म्हणाली.

मी सावकाश गेलो आणि सावकाश आलो. बाबा ओसरीवर वर्तमानपत्राचं तेच पान तिसऱ्यांदा वाचत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. दुकानात आत्या काडीचा शाळेचा गणवेश मांडीवर घेऊन उसवत बसली होती. दोन बोटं. तिच्या डोळ्यांत सुताचा कण गेला असावा, कारण ती सारखी ते पुसत होती. काडी स्टुलावर बसली होती, जरा थकलेली, जरा शरमलेली, आणि मला बघून तिनं नेहमीसारखी जीभ बाहेर काढली. मी काळा दोरा टेबलावर ठेवला. मग तिचं लक्ष आत्याच्या समोर पडलेल्या त्या जुन्या वहीकडे गेलं, पिवळ्या पानांच्या.

"आत्या, सोळाव्यानंतर काहीच लिहिलेलं नाही यात."

"नंतर दुसऱ्यांचीच घेत गेले."

काडी उठली आणि तिनं आत्याच्या गळ्यातला टेप काढून घेतला. तिनं स्वतः माप घ्यायचं नसताना तो दिवसा तिच्या गळ्यातून निघालेला मी दुसऱ्यांदाच बघत होतो. त्याच्याखाली मानेवर एक फिकट रेघ होती, घड्याळ काढल्यावर मनगटावर दिसते तशी.

"उभी राहा."

"काहीतरीच काय! साठ वर्षांच्या बाईचं माप घेतात का?"

"उभी राहा ना. दादा, तू लिही."

आत्या उभी राहिली. ऊन तिच्या पांढऱ्या केसांतून तिरकं जात होतं आणि सूत तिच्याभोवती हळूहळू फिरत होतं. काडीनं टेप तिच्या छातीभोवती नेला, आकडा सांगितला. मी तो सोळाव्या वर्षाच्या ओळीखाली लिहिला. मध्ये चव्वेचाळीस वर्षांची कोरी जागा सोडायला पान पुरलं नसतं. मग कंबर. आत्याला गुदगुल्या झाल्या, ती लहान मुलीसारखी हसली आणि लगेच गंभीर होऊन ताठ उभी राहिली, श्वास धरून.

काडीनं आकडा बघितला, वर बघितलं आणि टेप थोडा सैल केला.

"आत्या, पोट सोड."

आत्यानं पोट सोडलं.